प्रकाशाच्या वाटेवरील चौक्या

बिर्लानगरची वस्ती गिरणीच्या आधाराने वाढली. १९२१ साली येथे जियाजीराव कॉटन मिल स्थापन झाली आणि पुढे कित्येक दशके या भागातील घरांचा दिनक्रम तिच्या पाळ्यांना बांधलेला राहिला. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात ती गिरणी बंद पडली. कापडगिरण्यांच्या त्या युगात कारखान्यातील संदेशवहनाचे सर्वांत मोठे साधन म्हणजे भोंगा. त्याला एकच गोष्ट सांगता येई: पाळी भरली, किंवा पाळी सुटली. उरलेले निरोप जॉबर आणि मुकादम पायी पोचवीत. यंत्रांना निरोप पाठविण्याचा प्रश्न सहसा उद्भवत नसे, कारण यंत्रापाशी माणूस उभा असे.

आज कारखान्याची रचना पालटली आहे. नियंत्रण-कक्षातील एक मुख्य संगणक दूरवरच्या प्रत्येक यंत्राला क्रमाने प्रश्न विचारीत असतो. भट्टीचे तपमान किती? झडप उघडी आहे की बंद? पट्टा चालू आहे काय? गुरुजी वर्गात हजेरी घेतात तसाच हा प्रकार. फरक इतकाच की ही हजेरी एका सेकंदात अनेकदा पुरी होते. प्रश्नोत्तरे ज्या तारांवरून वाहतात त्यांचे जे जाळे बनते, त्याला औद्योगिक नेटवर्क म्हणतात. या जाळ्यातील काही वाटा आता तांब्याऐवजी काचेच्या झाल्या आहेत, आणि काचेच्या लांब वाटेवर मधूनमधून एक लहानसे उपकरण बसवावे लागते. त्याचे नाव रिपीटर. ते काय करते, कसे बसवितात आणि बसविल्यावर त्याची परीक्षा कशी घेतात, हे या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम, तांब्याचे काय बिघडले ते पाहू. कारखान्यांत सर्वत्र प्रचलित असलेल्या आर. एस. ४८५ या पद्धतीत तांब्याच्या दोन पिळलेल्या तारांवरून मंद गतीने सुमारे १,२०० मीटरपर्यंत संदेश जातो. गती वाढविली की अंतर घटते. प्रोफिबस नावाच्या औद्योगिक जाळ्यात सेकंदाला १ कोटी २० लाख ठोके पाठवावयाचे असतील, तर तांब्याच्या तारेची एक लांबी १०० मीटरांतच संपते. अंतराहूनही मोठा शत्रू म्हणजे शेजारची वीज. मोठी मोटार सुरू होताना आपल्याभोवती विद्युत्चुंबकीय खळबळ उडवून देते आणि तिचा अंश तांब्याच्या तारेत उतरतो. दोन इमारतींच्या भूसंपर्कांचा, म्हणजे अर्थिंगचा, विद्युत्दाब नेहमी सारखा नसतो; त्यांना तांब्याने जोडले की नको असलेला प्रवाह तारेतून वाहू लागतो. पावसाळ्यात जवळपास वीज कोसळली, तर हाच मार्ग धरून ती यंत्राच्या पोटात शिरते.

याचे उदाहरण आपल्या स्थानकाजवळच आहे. बिर्लानगरवरून आग्रा–झाशी लोहमार्ग जातो आणि भिंड–इटाव्याकडे फाटा फुटतो. मुख्य मार्गाच्या डोक्यावरील तारेत २५,००० व्होल्ट दाबाचा प्रत्यावर्ती प्रवाह खेळतो. रुळांना समांतर अशी तांब्याची तार मैलोगणती पुरली, तर वरच्या प्रवाहामुळे तिच्यात प्रवर्तनाने दाब निर्माण होतो. तो दूरध्वनीत खरखर आणतो आणि दुरुस्तीस बसलेल्या माणसालाही धोका पोचवितो. काच विजेची दुर्वाहक आहे, तिच्यावर या दाबाची मात्रा चालत नाही. रेल्वेने रुळांच्या कडेने काचेच्या केबली घातल्या, त्याच्या मागे हे एक मोठे कारण आहे. त्या केबलीतील काही तंतू स्थानकास्थानकावर बाहेर काढून यंत्रांना जोडलेले असतात. यंत्र आलेला प्रकाश वाचते, त्या स्थानकापुरता मजकूर ठेवून घेते आणि उरलेला ताज्या प्रकाशाने पुढे धाडते. अशा रीतीने प्रत्येक स्थानक प्रकाशाच्या वाटेवरील एक चौकीच बनते.

काचेतून प्रकाश वाकड्या वाटेने नेता येतो, हे ज्ञान जुने आहे. पाण्याच्या वक्र धारेतून प्रकाश वळत जातो हे दानियेल कोलादाँ याने १८४१ साली दाखविले. काचेचा गाभा आणि त्याभोवती किंचित कमी वक्रीभवनांकाचे काचेचेच वेष्टण, अशी रचना केली की तिरप्या कोनात आलेला किरण बाहेर पडू शकत नाही. पूर्ण आंतरिक परावर्तनाने तो गाभ्यातच कोंडलेला राहतो. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये हॉपकिन्स यांच्यासमवेत तंतूंच्या जुडीतून चित्र पाठविण्याचा प्रयोग १९५४ साली प्रसिद्ध केला. परंतु त्या वेळची काच इतकी मलिन होती की प्रकाश काही मीटरांतच विझे. दोष काचेचा नसून तिच्यातील अशुद्ध द्रव्यांचा आहे, ही गोष्ट चार्ल्स काओ यांनी १९६६ साली मांडली. तिच्यासाठी त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने पुरेशी शुद्ध काच ओढून दाखविली. मराठी वाचकांना विशेष वाटावे असे एक साल म्हणजे १९७९: त्या वर्षी दोन टेलिफोन केंद्रांना प्रकाशतंतूने जोडणारी भारतातील पहिली व्यवस्था पुण्यात सुरू झाली. आपल्या मध्य प्रदेशातही रीवा येथे अशा केबली तयार होतात.

तंतू केवढा असतो? वेष्टणासह १२५ मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचा आठवा भाग. आतील गाभा एका जातीच्या तंतूत ५० किंवा ६२.५ मायक्रोमीटर असतो, तर दुसऱ्या, लांब पल्ल्याच्या जातीत अवघा ९ मायक्रोमीटर. डोक्याचा केस याहून कितीतरी जाड.

येथे थोडे गणित केल्यावाचून गत्यंतर नाही. प्रकाशाची घट डेसिबेल या एककात मोजतात. ३ डेसिबेल घट म्हणजे प्रकाश निम्मा उरला. १० म्हणजे दहावा हिस्सा. २० म्हणजे शंभरावा. गुणाकाराच्या ठिकाणी बेरीज करता यावी एवढ्यासाठीच ही योजना आहे, आणि लॉगॅरिथमच्या तक्त्यांचा कंटाळा करणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात घ्यावे की या धंद्यातील माणूस दिवसभर दुसरे काही करीत नाही. काओ यांनी उद्दिष्ट ठेवले होते ते किलोमीटरला २० डेसिबेलचे. आजच्या बारीक गाभ्याच्या तंतूत, योग्य तरंगलांबीचा प्रकाश वापरल्यास, किलोमीटरमागे सुमारे ०.२ डेसिबेलच घट होते. पंधरा किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक असतो. मात्र अनेक कारखान्यांत जाड गाभ्याचे तंतू घातलेले आहेत. त्यांची साधने स्वस्त पडतात आणि जोडकाम सोपे जाते. त्यांत ८५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाची किलोमीटरला सुमारे ३ डेसिबेल घट होते, म्हणजे दर किलोमीटरला प्रकाश निम्मा. रिपीटरची गरज तेथे लवकर पडते.

आता रिपीटरचे मर्म. पेशवाईत पुण्याहून ग्वाल्हेरीस निघालेले मोडी पत्र पावसात भिजले आणि अक्षरे फुटली, अशी कल्पना करा. वाटेतील चौकीवर दोन उपाय संभवतात. एक, भिंग लावून पत्राची मोठी नक्कल काढणे. अक्षरे मोठी होतील, पण डागही तितकेच मोठे होतील. दुसरा उपाय असा की, अक्षरे अजून वाचता येत आहेत तोवर चौकीवरच्या कारकुनाने पत्र वाचावे, स्वच्छ कागदावर नव्याने लिहावे आणि ताज्या दमाच्या जासुदाबरोबर रवाना करावे. पहिला उपाय म्हणजे प्रवर्धक, दुसरा म्हणजे रिपीटर. समुद्राखालील लांब केबलींत प्रकाशाचे प्रवर्धकही वापरतात, पण कारखान्यातील रिपीटर हा कारकून असतो. तो आलेल्या मंद प्रकाशाचे विजेत रूपांतर करतो, हा ठोका ‘एक’ आहे की ‘शून्य’ याचा निर्णय करतो, ठोक्यांचे अंतर आपल्या घड्याळाने पुन्हा सारखे करतो आणि स्वतःच्या दिव्याने नवा, ठसठशीत प्रकाश पुढे सोडतो.

या दृष्टांतातील ‘अक्षरे वाचता येत आहेत तोवर’ ही अट सर्वांत महत्त्वाची आहे. पत्र पुरते पुसल्यावर कारकून कितीही हुशार असला तरी काय लिहिणार? म्हणून रिपीटर कोठे बसवावयाचा हे सोयीवर न ठरविता हिशेबाने ठरवावे लागते.

समजा, जाड गाभ्याच्या तंतूने चार किलोमीटरवरील पंपघर नियंत्रण-कक्षाला जोडावयाचे आहे. प्रकाशशक्ती मोजताना एक मिलिवॅटला शून्य मानतात आणि त्याहून कमी ते ऋण लिहितात. या मापाला डीबीएम म्हणतात. आपला दिवा ऋण १६ ने प्रकाश सोडतो आणि ग्राहकाला निदान ऋण २८ लागतो. म्हणजे वाटेत खर्च करण्यास १२ डेसिबेल हाताशी आहेत. खर्च मांडू: चार किलोमीटरचे १२, दोन टोकांच्या कनेक्टरांचे प्रत्येकी अर्धा धरून १, आणि वाटेतील तीन सांध्यांचे ०.३. एकूण १३.३. खजिन्यात १२ आणि खर्च १३.३, संसार चालणार नाही. आता दोन किलोमीटरवर, मधल्या सांध्याच्या जागी, रिपीटर बसवू. प्रत्येक टप्प्याचा खर्च ६ अधिक १ अधिक ०.१, म्हणजे ७.१; शिल्लक ४.९. यांतील ३ डेसिबेल पुढील दुरुस्त्यांसाठी आणि दिव्याच्या वयोमानासाठी राखून ठेवण्याचा प्रघात आहे. तेवढे ठेवूनही हिशेब जमतो. प्रत्येक टप्प्याच्या टोकाला ऋण २३.१ हा आकडा दिसला पाहिजे, हेही आपण आताच सांगू शकतो. ही भविष्यवाणी जपून ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

उलट प्रकारची अडचणही येते. दोन यंत्रे अगदी जवळ असून दिवा जोरदार असला तर ग्राहकाचे डोळे दिपतात आणि त्याला एक व शून्य यांतला भेद कळेनासा होतो. तेव्हा वाटेत मुद्दाम प्रकाश कमी करणारा तुकडा घालावा लागतो.

बसविण्याचे काम बाहेरून सोपे दिसते: भिंतीवर लोखंडी पेटी, तिच्यात पट्टीवर बसविलेले वीतभर उंचीचे उपकरण, चोवीस व्होल्टचा वीजपुरवठा आणि चार तंतू. खरे कौशल्य बारीकसारीक गोष्टींत असते. केबल ओढताना तिच्या व्यासाच्या वीसपटीहून लहान त्रिज्येत ती वळवू नये. बारा मिलिमीटर जाडीच्या केबलीला निदान २४ सेंटिमीटर त्रिज्येचा बाक हवा. तंतू तुटला नाही तरी अति वाकला की त्यातून प्रकाश बाहेर झिरपतो. सांधा करताना दोन टोके तासून समोरासमोर आणतात आणि विजेच्या ठिणगीने वितळवून एकजीव करतात. त्या वेळी पडणारे काचेचे कण झाकणाच्या डबीत गोळा करावेत; ते दिसत नाहीत आणि कातडीत शिरले की निघत नाहीत. कनेक्टरचे तोंड सूक्ष्मदर्शकातून पाहावे, पुसावे आणि पुन्हा पाहावे. नऊ मायक्रोमीटरच्या गाभ्यासमोर धुळीचा एक कण म्हणजे दारात पडलेली शिळाच. आपल्याकडील उन्हाळ्यात लू वाहू लागते तेव्हा ही धूळ पेटीच्या प्रत्येक फटीतून आत येते, म्हणून पेटीची रबरी पट्टी पाहिल्याशिवाय दार लावू नये.

एक चूक मात्र इतकी स्वाभाविक आहे की तिचा वेगळा उल्लेख करावासा वाटतो. काच विजेची दुर्वाहक, म्हणून आपण काचेची केबल निवडली. परंतु उंदीर आणि कुदळ यांपासून रक्षणासाठी पुष्कळ केबलींना पोलादी कवच असते. ते कवच दोन्ही टोकांना जसेच्या तसे अर्थिंगला बांधले, तर दोन इमारतींचे भूसंपर्क पोलादाने जोडले गेले! ज्या उपद्रवासाठी तांबे काढून टाकले तोच मागील दाराने आत आला. कवच कोठे बांधावयाचे आणि कोठे तोडावयाचे हे आधी कागदावर ठरवून मगच केबल पेटीत घ्यावी लागते. विद्यार्थ्यांसाठी आणखी एक सूचना: तंतूच्या टोकात कधीही डोळा लावून पाहू नये. तेथील प्रकाश बहुधा डोळ्यांना दिसत नाही, पण तो लेसरचा असल्यास डोळ्यांना इजा करण्यास समर्थ असतो.

उपकरण जोडले, हिरवा दिवा लागला, संगणकाच्या पडद्यावर आकडे दिसू लागले. येथे पुष्कळ ठिकाणी काम पुरे झाले असे समजतात. माझ्या मते खरे काम येथून सुरू होते.

पहिली परीक्षा प्रकाशाची. एक प्रमाणित दिवा आणि एक मापक प्रथम छोट्या तंतूने थेट जोडून आकडा टिपतात, मग मध्ये सारी वाट घालून पुन्हा मोजतात. दोहोंतील फरक ही वाटेची घट. आपल्या उदाहरणात ती सुमारे ७ यावी. १० आली तर निम्मा प्रकाश अकारण नाहीसा होत आहे. अशा स्थितीतही हिरवा दिवा लागतो, कारण १२ पर्यंत ग्राहक निभावून नेतो. पण राखीव तीनांतले एकही शिल्लक उरलेले नसते अशी वेळ मग दूर नसते.

घट कोठे झाली ते ओ. टी. डी. आर. नावाचे यंत्र दाखविते. विहिरीत हाक मारावी आणि प्रतिध्वनीच्या वेळेवरून खोली ताडावी, तसे हे यंत्र प्रकाशाचा क्षणिक ठोका सोडते आणि काचेच्या कणाकणावरून परतणारा अतिमंद उजेड मोजते. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर धावतो. जाऊन येण्यास किलोमीटरमागे दहा मायक्रोसेकंद लागतात. पडद्यावर उतरती रेषा उमटते: सांधा असेल तेथे लहान पायरी, कनेक्टर असेल तेथे उंच टोक, तंतू संपला तेथे कडा. एका बाजूने पाहता कधी कधी सांध्यापाशी प्रकाश वाढल्याचे दिसते. ते अर्थातच अशक्य आहे. दोन तंतूंची उजेड परतविण्याची क्षमता निराळी असल्याचा तो भास असतो, म्हणून मापन दोन्ही टोकांकडून करून सरासरी घेतात. शिवाय केबलीच्या आत तंतू थोडा सैल ठेवलेला असतो आणि खड्ड्यांतून वेटोळीही सोडलेली असतात. यंत्राने १,३४० मीटर सांगितले की जमिनीवर तेवढेच पाऊल मोजून कुदळ मारणारा फसतो. अनुभवी कारागीर वेटोळ्यांची वजाबाकी करून मगच खणावयास लावतो.

दुसरी परीक्षा चुकांची. चांगल्या वाटेवर अब्ज ठोक्यांत एखादाच चुकीचा वाचला जावा, अशी अपेक्षा करू. सेकंदाला दहा लाख ठोके जात असतील तर अब्ज ठोक्यांस १,००० सेकंद, म्हणजे सुमारे १७ मिनिटे लागतात. तेव्हा दहा मिनिटे एकही चूक आढळली नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. परीक्षा दिवसरात्र चालवावी. चोवीस तासांत ८६ अब्जांहून अधिक ठोके जातात आणि दुपारचे ऊन, रात्रीचा गारवा, मोठ्या मोटारींची सुरुवात, सर्व काही अनुभवास येते. ग्वाल्हेरकडे मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या वर चढतो. पत्र्याखालच्या पेटीत त्याहून अधिक. उष्णतेने दिव्याचा प्रकाश उतरतो. जानेवारीत उत्तीर्ण झालेला रिपीटर मे महिन्यात दगा देतो तो यामुळे.

तिसरी परीक्षा मुद्दाम केलेल्या आघाताची. पुष्कळदा जाळे वर्तुळाकार बांधतात, म्हणजे एक बाजू तुटली तर संदेश उलट दिशेने जावा. तो खरोखर जातो काय, हे तंतू काढूनच पाहावे. एका वीजपुरवठ्याची तार काढावी आणि दुसरा भार उचलतो का ते पाहावे. प्रत्येक बिघाडाची वर्दी नियंत्रण-कक्षात पोचली की नाही हेही तपासावे. वर्तुळाची एक बाजू महिनोन् महिने तुटलेली राहूनही कोणाला पत्ता नाही आणि दुसरी तुटल्यावर सारे काम ठप्प, असे घडू शकते.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. औद्योगिक जाळे आपले दुखणे लपविते, हे त्याचे उत्तर. चुकीचा वाचलेला संदेश ग्राहक टाकून देतो आणि मुख्य संगणक तोच प्रश्न पुन्हा विचारतो. पडद्यावर सर्व सुरळीत दिसते. फक्त उत्तरे उशिरा येऊ लागतात. आता कोळसा वाहणारा एखादा पट्टा डोळ्यांसमोर आणा. सुरक्षेचा नियम असा असतो की ठरलेल्या वेळात नियंत्रकाचा संदेश आला नाही तर यंत्राने आपण होऊन थांबावे. ही मुदत दशांश सेकंदाची असली आणि पट्टा सेकंदाला तीन मीटर वेगाने धावत असला, तर थांबण्याची आज्ञा मिळेपर्यंत तो तीस सेंटिमीटर पुढे जातो. कमजोर रिपीटरमुळे संदेश चुकू लागले की पट्टा विनाकारण थांबू लागतो. उत्पादन खोळंबते, वरिष्ठ चिडतात, आणि कोणीतरी मुदत वाढवून एक सेकंद करून टाकतो. कटकट मिटते. पण आता कोणाचा हात अडकला तर आज्ञेपूर्वी पट्टा तीन मीटर धावणार. कनेक्टरवरचा धुळीचा कण आणि माणसाचा हात यांच्यामध्ये इतके थोडे अंतर असते.

म्हणून परीक्षेचे आकडे लिहून ठेवण्यास फार महत्त्व आहे. अपेक्षित ऋण २३.१, प्रत्यक्ष ऋण २३.४, दिनांक, पेटीतील तपमान, चुकांची गणती, मोजणाऱ्याची सही, असा तक्ता आणि ओ. टी. डी. आर.चा आलेख पेटीच्या दाराला आतून पिशवीत लावतात. एक प्रत कचेरीत राहते. पाच वर्षांनी दुसरा कोणी तेथे येतो, मापक लावतो आणि ऋण २५.४ वाचतो. ग्राहकाला अजून पुरेसा प्रकाश आहे आणि दिवा हिरवाच आहे. पण दाराआतील तक्ता पाहताच त्याला समजते की दोन डेसिबेल हरवले आहेत, आणि तो खिशातून पुसण्याचे कापड काढतो.